आमच्या ह्यांची जीभ आणि आर्टिचोकची भीती

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी गुडघे सध्या रजेवर आहेत, तेव्हा उरलेल्या अंगांचा तेवढा मोजून घे.) तुझी पाठ कशी आहे? दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकून बघणाऱ्या माणसाची पाठ कुरकुरली तर त्यात तिचा काय दोष. वहिनीच्या शिंका थांबल्या का? थांबल्या नसतील तर उत्तमच. ती शिंकली की तू वैतागतोस, तू वैतागलास की ती चिडते, आणि तुमच्या घरात सगळं जागच्या जागी आहे हे मला इतक्या लांबून कळतं. हल्ली मी अशा गोष्टींना फार किंमत द्यायला लागले आहे. का, ते सांगण्यासाठीच हे लांबलचक पत्र. पेशंटला खुर्चीत बसवून वाचू नकोस, बिचाऱ्याचं तोंड उघडंच राहील.

आधी वहिनीच्या निरोपाचं. तिने कुठेतरी वाचलं की आर्टिचोक खाल्ल्याने यकृत सुधारतं, कोलेस्टेरॉल उतरतं आणि एकंदर माणूस आतून धुतल्यासारखा होतो, आणि आमच्याकडे घरचाच माणूस त्या खात्यात आहे म्हटल्यावर एक पेटी पाठवायला काय हरकत आहे, असं तिचं म्हणणं. हरकत आहे. पेटी पाठवणार नाही. तिला राग येईल, तो येऊ दे. राग येतोय तोवर माणूस ठीक आहे, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

आणि हे पत्र तुला भाऊ म्हणून कमी आणि दातांचा डॉक्टर म्हणून जास्त लिहिते आहे. मला माझा तक्रारखोर नवरा परत हवा आहे. तो कुठे परगावी गेलेला नाही, या क्षणी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालतो आहे. पण जो होता तो हा नव्हे, आणि तो जिथे हरवला ती जागा त्यांच्या तोंडातच कुठेतरी आहे असा मला संशय आहे. आपल्या नात्यागोत्यात लोकांच्या तोंडात बघण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला तू एकटाच. (बाकीचे सगळे बोलतात, बघत कुणी नाही.)

तुला आमच्या ह्यांचं काम नीटसं माहीत नसावं. लग्नात त्यांनी तुला सांगितलं होतं, पण तेव्हा तू जिलेटीनच्या मिठायांनी लोकांचे दात कसे किडतात हे पलीकडच्या टेबलाला समजावत होतास. तर त्यांच्या संशोधन केंद्रात खाण्याच्या पिकांमधली गुणकारी द्रव्यं वाढवायचं काम चालतं. आर्टिचोक, ब्रोकोली, कांदा, काकडी, पालक, सगळ्यांवर. (आर्टिचोक तू पाहिला नसशील तर सांगते: कमळाची कळी आणि निवडुंग यांचं लग्न घरच्यांच्या विरोधात झालं तर जे पोर होईल, ते.) त्यातली द्रव्यं किती, हे यंत्र सांगतं. पण भाजी तोंडात घालवेल का, हे सांगायला माणूस लागतो. त्यासाठी तिथे एक चव-खोली आहे. भिंतीकडे तोंड करून बसायचं, वर लाल दिवा, म्हणजे रंग कळू नये. समोरच्या झडपेतून बशी आत येते, एक तुकडा चावायचा, पाणी प्यायचं, कडूपणाला शून्य ते दहा गुण द्यायचे, झडप बंद. आमच्या ह्यांची जीभ त्या खोलीतली सगळ्यांत कडक. दुकानातली वजनं जशी एका मुख्य वजनाशी ताडून बघतात, तशा बाकीच्यांच्या जिभा ह्यांच्या जिभेशी ताडून बघतात. तिथे त्यांना नावच 'काटा' आहे. आता विचार कर, असा माणूस रोज संध्याकाळी जेवायला घरी येतो. पाण्याला पितळी तोटीची चव आहे. दूध काल उघडं राहिलं होतं. हा टोमॅटो खाली पडून उचललेला आहे. (पडला होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं.) इतकी वर्षं मी चहा त्यांच्यापुढे ठेवते तेव्हा परीक्षेचा पेपर टाकून आल्यासारखी उभी राहते. तुला वाटेल मी कंटाळले असेन. मलाही तसंच वाटायचं.

या केंद्राचं सगळं शास्त्र एका वाक्यात सांगता येतं, आणि ते वाक्य आमच्या घरी इतक्यांदा झालं आहे की भिंतींनाही पाठ असेल: झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही, म्हणून ते कडू होतं. कांदा चिरला की आपल्या डोळ्यांत येतं ते पाणी म्हणजे त्याने आपल्यावर सोडलेला अश्रुधूर. ब्रोकोली चावल्यावर नाकात जातो तो झणका म्हणजे तिचा निषेध. द्राक्षाच्या सालीत, आर्टिचोकच्या पानात जे काही आपण आरोग्य म्हणून चघळतो, ते बरंचसं त्या झाडाने स्वतःसाठी केलेलं असतं, चावणाऱ्या तोंडांपासून जीव वाचवायला. ज्या झाडाला जास्त भीती, त्यात गुण जास्त. तेव्हा केंद्राचं काम म्हणजे भाजीला शास्त्रशुद्ध पद्धतीने घाबरवणं. एकीला तहानलेली ठेवायची, एकीला अंधारात, एकीला खारं पाणी, एकीच्या अंगावरून दिवसभर केरसुणी फिरवायची, एकीच्या पानांना कागदाच्या पंचने भोकं पाडायची आणि शेजारणीला ते बघायला लावायचं. (हे वाचून तुला आमच्या सासूबाई आठवतील. मलाही आठवल्या. माझ्यात जे काही गुण आहेत ते त्यांच्याच हातचे असणार.)

मग तिथे एक बटणवाला आला. शिकलेला माणूस आहे, पण सगळे त्याला बटणवालाच म्हणतात. अळी पान कुरतडते तेव्हा पानाला जो बारीक थरकाप होतो, तो त्याने यंत्रावर टिपला आणि शर्टाच्या बटणाएवढ्या एका चकतीत भरला. ही चकती देठाला चिकटवायची. अळी नाही, जखम नाही, नुसता कुरतडण्याचा थरकाप देठातून वर जात राहतो. झाडाला वाटतं आपल्याला कुणीतरी खातंय. आणि ते गुण तयार करत बसतं. एक पान न गमावता हवी तेवढी भीती, यावर मोठ्या बाई (या विभागाच्या प्रमुख, आवाजाने आणि मनाने दोन्ही मोठ्या) इतक्या खूष झाल्या की त्यांनी सगळ्या आर्टिचोकना बटणं बसवली.

आता चूक कुठे झाली ते ऐक, कारण ही चूक त्या इमारतीबाहेर कुणाच्या डोक्यात आली नसती. बटणाचा आवाज कानाला येत नाही. बोट लावलं तर मुंगीचं पाऊल पडल्यासारखं काहीतरी वाटतं, तेही जाड बोटांना नाही. मग ते चालू आहे की बंद पडलंय हे कळणार कसं? तपासायचं यंत्र आहे, पण ते कपाटात, आणि कपाट दुसऱ्या इमारतीत. आमचे हे तर आयुष्यभर जगाला तोंडात घालूनच तपासत आले. त्यांनी चकती सोडवली आणि दाढांमध्ये धरली. दातातून हाडात, हाडातून कानात, आवाज स्वच्छ. हे तू मला समजवायची गरज नाही, तुझं यंत्र दाढेवर फिरतं तेव्हा डोक्यात काय होतं ते मी तुझ्याच खुर्चीत सोसलं आहे. उपाय इतका सोयीचा ठरला की सगळा विभाग तेच करायला लागला. रोज सकाळी आल्या आल्या प्रत्येक कुंडीचं बटण तोंडात, मग परत देठावर. मोठ्या बाईसुद्धा. बटणवाला तर दोन्ही बाजूंनी धरतो म्हणे, म्हणजे एका वेळी दोन तपासून होतात.

पुढे केंद्रातल्या काचघराच्या काचा बदलायला निघाल्या आणि ज्याने त्याने आपापल्या कुंड्या घरी न्याव्या असं ठरलं. आमच्या वाट्याला एक अख्खी रांग आली. गॅलरी भरली, मग बैठकीची खोली, मग न्हाणीघराची खिडकी. राखाडी, दातेरी, माझ्या कमरेएवढी पानं. मी दारातून आत आले की ती हलत नाहीत, एवढं मी शपथेवर सांगते. पण मी कात्री घेऊन आत आले की खोलीत वास येतो. कापलेल्या गवताचा असतो ना, तसा हिरवा. कात्री कापडासाठी असली तरी येतो. एकदा ह्यांनी गॅलरीतल्या कुंडीचं पान कापून चाखलं, आणि मग न्हाणीघरातल्या कुंडीचं, आणि म्हणाले, तिकडे पान कापलं ते हिला कळलंय. तेव्हा ते अजून पहिल्यासारखे होते, तक्रारीच्या सुरात म्हणाले. मला तो सूर ऐकून बरं वाटलं होतं.

एक बटण मीही तोंडात धरून पाहिलं. एकदाच. आवाज म्हणजे काय सांगू तुला. मला वाटलं होतं उंदराने कागद कुरतडावा तसं काही असेल. तसं नव्हतं. आतून कुणीतरी शांतपणे, घाई न करता, मला खात होतं. बरं, ते खाणं रागाचं नव्हतं, भुकेचंही वाटलं नाही, नुसतं चालू होतं. मी ते काढून टाकलं आणि चूळ भरली. आमचे हे रोज सकाळी रांगेतल्या प्रत्येक कुंडीचं बटण तोंडात धरतात आणि तेवढ्यात वर्तमानपत्रही वाचतात.

गोडीची सुरुवात अशी झाली की तिची भीती वाटायचं कारणच नव्हतं. आर्टिचोक खाल्ला की त्यातलं सायनारिन नावाचं एक द्रव्य जिभेवर बसतं आणि वर साधं पाणी प्यायलं तरी ते गोड लागतं. हे सगळ्यांनाच होतं असं नाही, पण पुष्कळांना होतं, आणि थोड्या वेळाने जातं. ह्यांच्या धंद्यातला हा जुना वैताग आहे. पण एके दिवशी सकाळी, काही खाल्लेलं नसताना, ह्यांनी तोटीखाली पेला धरला, प्यायले, आणि म्हणाले, "वा." दादा, इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'वा' असा आवाज मी ऐकला आहे तो फक्त शिंकेच्या आधी. मी शिंकेची वाट बघत उभी राहिले. शिंक आली नाही. ते दुसरा पेला भरत होते.

मग चहा छान झाला. करपलेलं अंडं छान झालं. त्यांची पित्ताची गोळी, जी ते आजवर नाक दाबून, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत गिळायचे, ती चघळून खाल्ली आणि अजून एक आहे का म्हणून विचारलं. मी लिंबाच्या बिया वाटून सूपमध्ये घातल्या. मुद्दाम. (मी प्रयोगच करत होते, पण त्यांचा प्रयोग आणि माझा प्रयोग यात फरक एवढाच की माझ्याला अनुदान नाही.) बशी पुसून खाल्ली. मग मी शेवटचं हत्यार काढलं. तू काढलेली त्यांची दाढ आठवते ना? दुखरी तशीच राहिली आणि शेजारची काढलीस असं त्यांचं म्हणणं, आणि दर रविवारी जेवताना तो विषय निघाल्याशिवाय आमच्याकडे हात धुतले जात नाहीत. मी स्वतःहून विषय काढला. म्हटलं, दादाने तुमची चांगली दाढ काढली हो. हे माझ्याकडे बघून हसले, आणि म्हणाले, "चांगली काढली त्यांनी." मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी घासत बसले. घासलेलीच होती.

तू म्हणशील, बाई, नवरा गुणी झाला, नशीब समज. ऑफिसातल्या बायकाही हेच म्हणाल्या. पण जीभ गोड होऊन थांबली असती तर गोष्ट वेगळी. डास त्यांच्याजवळ येत नाहीत. येतात, हातावर बसतात, आणि चटका बसल्यासारखे उडतात. शेजारचा कुत्रा, जो ह्यांना जिन्यात गाठून कोपरापर्यंत चाटल्याशिवाय सोडायचा नाही, त्याने परवा एकदा जीभ लावली, मागे सरला, पायपुसण्यावर तोंड घासलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. आता तो पलीकडच्या कठड्याला चिकटून उतरतो.

माझ्या ऑफिसचंही थोडं सांगते, कारण ते याच्यातच येतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी तक्रारीच्या खिडकीमागे बसते हे तुला माहीत आहे. (दिवसभर परक्यांच्या तक्रारी, संध्याकाळी घरच्या, अशी माझी दुहेरी पाळी होती.) तर रांग कमी झाली आहे. साहेब खूष आहेत, आपली सेवा सुधारली म्हणतात. सेवेला कुणी हातही लावलेला नाही. आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक आहेत, आम्ही त्यांना गढूळकाका म्हणतो, कारण ते दर आठवड्याला आपल्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन येतात आणि खिडकीवर आपटतात. गेल्या आठवड्यात आले. बाटली हातात, पाणी नेहमीसारखंच तांबूस, तळाशी काहीतरी बसलेलं. मी तक्रारीचा कागद पुढे केला तर म्हणाले, "कागद नको ताई. पाणी फार छान येतंय, एवढंच सांगायला आलो." आणि माझ्यासमोर बाटलीला तोंड लावून अर्धी रिकामी केली. त्यांच्या पिशवीतून एक राखाडी दातेरी पान डोकावत होतं. केंद्राच्या फाटकापाशी उरलेले आर्टिचोक स्वस्तात विकतात. तब्येतीला चांगले म्हणून लोक नेतात. मी काकांना म्हटलं, बटणं लावलेलेच असणार हे, खाऊ नका. काकांनी मान डोलावली आणि मला आशीर्वाद दिला. या माणसाने मला आजवर फक्त कोर्टात खेचायची धमकी दिलेली होती.

आता मूळ गोष्टीकडे. परवा आमच्याकडे दुपारचं जेवण होतं. मोठ्या बाई आणि बटणवाला. कारण असं की यंत्राने सांगितलं, आमच्या घरच्या रांगेत गुण कधी नव्हते एवढे वाढले आहेत, आणि काट्याने सांगितलं, कडूपणा शून्य. म्हणजे मरणाचा घाबरलेला तरीही गोड आर्टिचोक. इतकी वर्षं अख्खं केंद्र ज्याच्या मागे होतं ते हेच, आरोग्यही पाहिजे आणि तोंड वाकडंही व्हायला नको. आता हे वाण बाजारात सोडायचं म्हणे. ह्यांची जीभच बिघडली असेल असं कुणाच्या मनात येत नाही, कारण बाकीच्या जिभा ह्यांच्याशी ताडलेल्या. मुख्य वजनच हलकं झालं तर सगळं दुकान हलकं तोलणार आणि प्रत्येकाचं माप बरोबर येणार. मी ठरवलं होतं की बाईंना एका बाजूला घेऊन सांगायचं. आणि पुरावा म्हणून जेवण मुद्दाम बिघडवलं. सूपमध्ये मीठ नाही, लिंबाची सालं उकळलेली. भात खाली लागलेला. माझा हिशेब साधा होता: बाई तोंड वेडंवाकडं करतील, हे छान म्हणतील, आणि त्यांचं त्यांनाच कळेल.

बाईंनी सूप दुसऱ्यांदा घेतलं. बटणवाल्याने भाताची खरवड मागून घेतली. तिघे हसत होते, एकमेकांना वाढत होते, कुणी कुणाला टोमणा मारत नव्हतं. दादा, जेवणाच्या टेबलावर इतका सलोखा मी फक्त जाहिरातीत पाहिला आहे. मला काही ते जेवण जाईना. म्हणून मी स्वतःपुरता पावाचा तुकडा भाजून घेतला, चांगला कडक, आणि चावला.

तिघेही थांबले. एकदम. बाईंचा चमचा तोंडापाशी, बटणवाल्याचा हात भांड्यावर, आमचे हे पाणी ओतत होते ते तांब्या तिरका धरूनच थांबले, पेला भरून टेबलावर सांडायला लागला. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही. तिघांच्या माना किंचित दुसरीकडे वळल्या, पान उन्हाकडे वळतं ना, तशा, फक्त ऊन माझ्या बाजूला होतं आणि माना वळल्या त्या माझ्यापासून लांब. बाईंच्या हातावर शहारून उभा राहिलेला काटा मला दिसत होता. आणि खोलीत तो वास आला, हिरवा. मी आधी कुंड्यांकडे पाहिलं. पण गॅलरीचं दार बंद होतं, आणि वास टेबलाच्या पलीकडच्या बाजूने येत होता.

माझ्या तोंडात घास होता. तो चावून संपवावा तर पुन्हा आवाज होणार, आणि थुंकावा तर पाहुण्यांसमोर. घास गिळायचा कसा हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा पडला. शेवटी पाण्याचा घोट घेऊन, तो मऊ होईपर्यंत थांबून, मी तो खाली उतरवला. मग बाईंचा चमचा तोंडात गेला. ह्यांनी टेबल पुसलं. "सूप फार छान झालंय हं," बाई म्हणाल्या, जिथे सोडलं होतं तिथून. काही घडलं हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी उरलेला पाव डब्यात ठेवला. बाईंना बाजूला घेऊन काही सांगायचं राहूनच गेलं. सांगणार तरी कुणाला होते मी.

तेव्हापासून मी घरात केळं, दुधात भिजवलेला पाव, असलंच खाते. तुझ्यासारख्या दातांच्या डॉक्टरची सख्खी बहीण, बत्तीसच्या बत्तीस शाबूत, आणि बोळक्या म्हातारीसारखी जेवते आहे. गाजर खावंसं वाटलं तर जिन्यात जाऊन खाते. काल खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पाहिलं. मी म्हटलं, व्यायाम करते आहे.

तर दादा, तू ये. दोन दिवसांची सुट्टी काढ, तो लांब दांड्याचा आरसा आणि डोक्याला बांधायचा दिवा घेऊन ये, आणि ह्यांचं तोंड एकदा नीट बघ. बटण धरून दाढेला काही झालंय का, जिभेवर काही बसलंय का, खरवडून निघणारं असेल तर खरवड. तुझ्यापुढे ते तोंड उघडायचे नाहीत असं पूर्वी म्हणता आलं असतं. आता उघडतील, आणि हसतही उघडतील. माझी तीच तर अडचण आहे. मी बटणं लपवून पाहिली, हे नुसतेच कुंड्यांमध्ये जाऊन बसले. ते भांडले असते तर मी परत दिली नसती.

वहिनीला नमस्कार सांग. पेटी न पाठवल्याबद्दल तिला मला जे म्हणायचं असेल ते तिला सविस्तर म्हणू दे, तू मध्ये पडू नकोस, आणि तिचं म्हणून झालं की तिचेच शब्द मला जसेच्या तसे कळव. पाठीला शेक घे. उत्तराची वाट बघते.

तुझी,
तुझ्याहून धाकटी, पण हल्ली तसं न वाटणारी बहीण

ता. क. एक गोष्ट पत्रात लिहिली नाही, कारण थोरल्या भावाला लिहायची ती नव्हे. पण डॉक्टरपासून लपवू नये म्हणतात. परवा पाहुणे गेल्यावर हे गॅलरीत कुंड्यांच्या मधोमध उभे होते. उतरतं ऊन होतं, डोळे मिटलेले, चेहरा उन्हाकडे. लग्नाआधी मला भेटायला यायचे तेव्हा बसथांब्यावर असेच उभे असायचे, बस उशिरा आली म्हणून कुरकुरत. मी जवळ गेले आणि त्यांच्या कपाळाला ओठ लावले. (या वयात हे कशाला, असं तू म्हणू नकोस. मी स्वतःला म्हणून झालं आहे.) कडू, दादा. काकडीचं कडू टोक चुकून तोंडात यावं तसं, पार घशापर्यंत. ह्यांच्याच जुन्या मापाने दहापैकी दहा. आणि त्यांनी डोळे उघडले नाहीत, फक्त एक पाऊल मागे सरले, आणि अगदी हळू, विनवणी करावी तसं म्हणाले, "चावू नकोस."

ता. क. दुसरा. हे पाकिटाच्या पाठीवर लिहिते आहे, कारण पाकीट चिकटवून झालं. पोस्टमन वाचेल, वाचू दे. वर तुला 'ये' म्हणून लिहिलं आहे ते रद्द समज, इतक्यात येऊ नकोस, आणि मला पत्रही नको, फोन कर. मी आर्टिचोकचं एक पानही तोंडात घातलेलं नाही, ह्यांच्या कपाळाला ओठ लावल्यापासून दर तासाला चुळा भरते आहे, आणि आत्ता पाकिटाच्या डिंकाला जीभ लावली तर तो गोड लागला. इतका की कडेकडेने पुन्हा एकदा फिरवली. नवा डिंक असेल. तुझ्या टेबलाच्या खणात एखादं कोरं पाकीट असेल ते चाटून बघ, आणि नेहमीसारखाच घाण लागतो एवढं मला फोनवर सांग. खोटं असलं तरी चालेल.